बिनमुहूर्ताच्या दुपारी

एप्रिल अर्धा सरला की मला एका जागी बसवत नाही. पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली, इथला उन्हाळा आमच्या जळगावकडच्या माणसाला उन्हाळाच वाटत नाही. तरी दुपारची हवा जरा कोरडी झाली, कूलरचं गवत बदलून देणाऱ्याची हाळी कानावर आली, की मी उठते, पाणी पिते, बसते, पुन्हा उठते. टेबलावर एक छोटा कीबोर्ड आहे, वाजवायचा. त्याची बारीकशी वायर संगणकात जाते आणि दोन सेकंदांत पडद्यावर उमटतं की जोडणी झाली. माझा विश्वास बसत नाही. मी वायर काढते, परत लावते. घरातले हसतात. हीच जोडणी करायला एका उन्हाळ्यात मला महिना लागला होता, हे त्यांना सांगून खरं वाटणार नाही.

नव्वदीच्या मधली ती वर्षं. मी चोवीस वर्षांची, धुळ्याची, जळगावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला होते. सुट्टीच्या बॅचेस सकाळी आणि संध्याकाळी भरायच्या. बारा ते चार क्लास बंद, कारण त्या वेळात रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. बाकीचे घरी जायचे. माझी भाड्याची खोली पत्र्याची, म्हणून मी क्लासमध्येच थांबायची. तिथे कूलर होता. कूलरच्या पुढ्यात बसून मी पर्समधलं एक पत्र काढून वाचायची आणि परत ठेवायची. पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागल्याचं ते पत्र होतं. जूनमध्ये हजर व्हायचं होतं. जायचं की नाही, हे माझं ठरत नव्हतं, आणि घरी मी अजून बोलले नव्हते.

अशातच कळलं की पुंडलिकनाना जळगावात आहेत. नाना आमच्या धुळ्याच्या कन्याशाळेत संगीत शिकवायचे. सकाळच्या प्रार्थनेला ते पायपेटीवर बसत. पायांनी भाता, दोन्ही हात पट्ट्यांवर, आणि समोर आम्ही पाचशे मुली. प्रार्थनेच्या चाली त्यांच्या स्वतःच्या. महिन्याला चाल बदलायची. हिवाळ्यातल्या प्रार्थना संथ असायच्या, परीक्षेच्या दिवसांतल्या जरा धावत्या. आम्हाला वाटायचं, सगळ्याच शाळांत असं असतं.

त्या वर्षी होळीच्या सुमारास नानांना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. जीभ थोडी जड झाली पण बोलणं राहिलं. उपचारांसाठी त्यांची बायको, आमच्या अक्का, त्यांना घेऊन जळगावला आपल्या बहिणीकडे आल्या होत्या. मी भेटायला गेले तेव्हा अक्का गच्चीवर बिबडे घालत होत्या. ज्वारीच्या पिठाचे ते गोल पांढरे पापड खाटेवरच्या धोतरावर ओळीने वाळत होते. त्यांनी हात धुतले आणि मला खाली नेलं.

नाना लोखंडी पलंगावर पडले होते. डावा हात उशीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. उजवा मात्र पलंगाच्या दांड्यावर सारखा चालत होता. मी बसले, विचारपूस केली, ते मोजकं बोलले, आणि त्या सगळ्या वेळात ती बोटं थांबली नाहीत. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ती नुसती आपटत नाहीत. ती आमची श्रावणातली प्रार्थना होती. उजव्या हाताची ओळ संपली की बोटं थांबायची, चार मात्रा जाऊ द्यायची, आणि पुन्हा सुरू. त्या चार मात्रांत डाव्या हाताचं काम असायचं.

बाहेर आल्यावर अक्का म्हणाल्या, “दिनभर असंच चालू ऱ्हास. तू कॉम्प्युटर शिकाडस ना विजू, काही व्हई का?”

काय व्हायला हवं होतं, ते त्यांनी नंतर सांगितलं. नानांच्या बावीस चाली होत्या आणि एकही कुठे लिहिलेली नव्हती. शाळेने त्यांच्या रजेत बाजारातली प्रार्थनेची कॅसेट लावायला सुरुवात केली होती. ते कळल्यापासून नानांनी घरची पायपेटी विकून टाका म्हणून धोशा लावला होता. डावा पाय भाता मारू शकत नव्हता. साधी हातपेटी घ्यावी तर तिचा भाता डाव्या हाताने हलवायचा. म्हणजे चांगला उजवा हात असून त्याला वारा कुठूनच मिळत नव्हता. डॉक्टरांनी अक्कांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की दुसरा झटका कधीही येऊ शकतो.

वारा न लागणारं वाद्य मला माहीत होतं. संगणकाच्या एका मासिकात मी मिडी नावाच्या जोडणीबद्दल वाचलं होतं. ते असं, की इलेक्ट्रिक कीबोर्ड संगणकाला जोडायचा. वायरीतून आवाज जात नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि कधी सोडली, एवढीच बातमी जाते. संगणक ती लक्षात ठेवतो आणि सांगाल तेव्हा परत कीबोर्डला पाठवतो, मग कीबोर्ड आपोआप वाजतो. म्हणजे नानांनी उजव्या हाताने आधी उजवी बाजू वाजवायची, मग त्याच हाताने डावी बाजू. दोन्ही एकत्र करायचं काम यंत्राचं. आमच्या क्लासच्या एका संगणकात साउंड कार्ड होतं. मालकांनी बारा ते चार वापरायला परवानगी दिली.

नाना तयार नव्हते. एका हाताचा तमाशा मला करायचा नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. अक्कांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या की विजूच्या क्लासात कूलर आहे, दुपार तिथे काढू. रिक्षा आणली आणि त्यांना घेऊन आल्या.

कीबोर्ड शरदभाऊंचा. ते नानांच्या घरी पेटी शिकलेले जुने विद्यार्थी, तिशीतले, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. नानांचं नाव घेताच त्यांनी हो म्हटलं, पण ते दिवस लग्नसराईचे. आज चोपडा, उद्या पाचोरा, परवा यावल. ज्या दिवशी मुहूर्त नाही तेवढाच कीबोर्ड आमचा. मी क्लासच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बिनमुहूर्ताचे दिवस पेन्सिलने गोल करून ठेवले. लोक मुहूर्त बघतात, मी नसलेले मुहूर्त बघत होते. शरदभाऊ दुपारी जीपमधून कीबोर्ड आणून द्यायचे तेव्हा पट्ट्यांच्या फटींत हळदीच्या अक्षता अडकलेल्या असायच्या. मी सुईने त्या एकेक काढायची. तेवढी पाच मिनिटंच काय ती माझे हात शांत असायचे.

बाकी सगळी घाई. पहिल्यांदा तर वायरच नव्हती. कीबोर्डच्या मागे पाच टाचण्यांची गोल खोबण आणि साउंड कार्डाला पंधरा भोकांची चपटी. दोघांना जोडणारी वायर जळगावात मिळेना. मासिकातला नकाशा घेऊन मी भुसावळला यासीनभाईंकडे गेले. रेल्वेतून निवृत्त झालेले, घरीच रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी नकाशा दोनदा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले की पाच टाचण्या ओळखीच्या आहेत, जुन्या टेपरेकॉर्डरला असायच्या, पण मधे हा एक सुटा भाग लागेल. त्या भागात एका बाजूला बारीक दिवा असतो आणि समोर त्या दिव्याकडे बघणारा डोळा. दोन यंत्रांच्या विजा एकमेकींना शिवत नाहीत, बातमी फक्त उजेडाने पलीकडे जाते. तो त्यांनी कुठल्याशा बंद पडलेल्या यंत्रातून काढून वायरीत बसवला. आठवडा गेला. त्या आठवड्यातले दोन बिनमुहूर्ताचे दिवस वाया गेले आणि मी कॅलेंडरसमोर उभी राहून स्वतःवरच चिडले.

वायर आली तर संगणक कीबोर्डला ओळखेना. साउंड कार्ड मधेच चालायचं, मधेच मुकं व्हायचं. तीन दुपारी मी संगणक उघडून बसले. घाम मनगटावरून यंत्रात पडू नये म्हणून हाताला रुमाल बांधलेला. नाना खुर्चीत, उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर चालू. अक्का शेजारी, वर्तमानपत्राने त्यांना वारा घालत. शेवटी लक्षात आलं की मालकांनी प्रमाणपत्र छापलं की कार्ड बंद पडतं. संगणकाला हाक मारायला प्रत्येक यंत्राला एक नंबर दिलेला असतो. प्रिंटर आणि कार्ड, दोघांचा नंबर एकच होता. कार्डावरची तांदळाएवढी प्लॅस्टिकची टोपी चिमट्याने उचलून शेजारच्या दोन टाचण्यांवर बसवली, आणि पडद्यावर हिरवी रेघ हलली. नानांनी एक पट्टी दाबली होती. मी वळून पाहिलं तेव्हा त्यांनी हात मागे घेतला होता. मुद्दाम दाबली नाही, असं दाखवत.

पुढच्या वेळी ते वाजवायला बसले आणि दोन ओळींत थांबले. प्रत्येक सूर दोनदा उमटत होता. कुणीतरी मागून माझं बोलणं परत बोलतंय, असं ते म्हणाले. मी शरदभाऊंकडच्या इंग्रजी पुस्तिकेच्या झेरॉक्समध्ये डोकं घातलं. पट्टी दाबली की कीबोर्ड स्वतः वाजायचा आणि संगणकाकडून परत आलेली बातमी ऐकून पुन्हा वाजायचा. त्यावर उपाय होता. कीबोर्डच्या पट्ट्या आणि त्याचा आवाज यांच्यातला आतला रस्ताच तोडायचा. मग पट्ट्या फक्त संगणकाशी बोलतात आणि आवाज फक्त संगणकाचं ऐकतो. मी हे नानांना समजावत होते, कारण त्यांना सगळं समजून घ्यायचं असायचं. ऐकून ते म्हणाले, “माझंही तसंच झालंय. हात चांगला आहे, डोकं चांगलं आहे, मधला रस्ता गेलाय.” एवढं एक वाक्य बोलून त्यांनी वाजवायला हात पुढे केला. मी बटण दाबलं.

एवढं झाल्यावर गुणगुण आली. शाळेला द्यायला म्हणून कीबोर्डचा आवाज कॅसेटवर उतरवायला गेलो की खाली सतत माशी घोंगावल्यासारखा आवाज. वायरी बदलल्या, कूलर बंद केला, घामाने भिजलो, माशी तशीच. क्लासच्या मागच्या भिंतीलगत अर्थिंगचा खड्डा होता. उन्हाळ्याने तो भाजून कोरडाठक्क झाला होता. यासीनभाईंना फोन केला तर ते म्हणाले की मिठाचं पाणी ओता. त्यानंतर रोज बारा वाजता मी डोक्याला ओढणी गुंडाळून बादलीभर पाणी त्या खड्ड्यात ओतायची. पाणी ओतलं की आत येऊन ऐकायचं. गुणगुण बसलेली असायची. शेजारच्या दुकानदाराने एकदा विचारलं की काय लावलंय तिथे. मी म्हटलं, गाणं.

इतक्या खटपटीनंतर मेच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली चाल पूर्ण झाली. श्रावणातली. नानांनी आधी उजवी बाजू वाजवली, मग खुर्ची डावीकडे सरकवून घेऊन उजव्या हातानेच खालचे सूर. त्यांचे कान लाल झाले होते. मी खूश होते, आणि खुशीत मी एक गोष्ट न विचारता केली. त्या प्रोग्रॅममध्ये एक सोय होती. वाजवणाऱ्याचे सूर तालात किंचित मागेपुढे पडले असतील तर यंत्र ते ओढून बरोबर मात्रेवर बसवतं. डावी बाजू जरा मागे पडल्यासारखी वाटत होती. मला वाटलं, आजारपणामुळे. मी ती सरळ केली आणि दोन्ही बाजू एकत्र लावल्या.

कीबोर्ड आपोआप वाजू लागला. नानांनी डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर डोळे उघडले. मग घरच्या बोलीत, अक्कांकडे बघून, पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, “हाऊ मना हात नही शे.”

मी सांगायला लागले की हात त्यांचाच आहे, सूर सगळे त्यांचेच आहेत, मी फक्त ताल नीट केलाय. त्यांचा चेहरा बदलला. कोणी सांगितलं होतं नीट करायला, असं त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. शाळेत कुणी मुलगी बेसूर गायली तरी ते रागवत नसत, आज रागावले होते. अक्का पुढे झाल्या आणि मला म्हणाल्या की लग्न होऊन आल्यापासून यांचा डावा हात असाच, उजव्याच्या जरा मागून येतो. त्यांनी कधी पेटीला हात लावला नव्हता. शेजारच्या खोलीत स्वयंपाक करता करता तीस वर्षं ऐकलं होतं. मला शाळेत सहा वर्षं समोर बसूनही ते कळलं नव्हतं.

मी केलेलं सगळं पुसलं. डावा हात जसा वाजवला होता तसा परत लावला. या वेळी ऐकताना नाना खुर्चीत मागे टेकले. अक्कांनी पदर तोंडाला लावला आणि त्या बाहेर अर्थिंगच्या खड्ड्यापाशी, उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी प्रथम माझ्या लक्षात आलं की नानांचा उजवा हात मांडीवर स्वस्थ पडलाय.

त्यानंतर जे दिवस मिळाले त्यांत आम्ही पहिली धरून अकरा चाली उतरवल्या. अकरा राहिल्या. मला अजूनही त्या राहिलेल्या अकरांचीच आठवण जास्त छळते, ज्या शाळेत कानावर पडूनही मी कधी धड ऐकल्या नाहीत. वायरीत गेलेला आठवडा, प्रिंटरपायी गेलेल्या तीन दुपारी, विजेचं भारनियमन, हे सगळं मी आजही कधीकधी मनात वजा करून बघते.

पुढचं आधी सांगून टाकते. नाना त्यानंतर तीन वर्षं होते. पायपेटी विकली गेली नाही. शाळेने आमची कॅसेट घेतली, वर्षभर वाजवली आणि मग संगीताच्या नव्या बाई आल्या तेव्हा ती कपाटात गेली असावी. मी जूनमध्ये पुण्याला हजर झाले. संगणकातल्या त्या फाइली मी फ्लॉपीवर घेतल्या होत्या. दोन फ्लॉप्यांना बुरशी लागली, एक वाचता आली.

पण हे सगळं व्हायच्या आधीची एक दुपार आहे. मला उन्हाळा आठवतो म्हणजे खरं तर तीच आठवते. जूनचा पहिला आठवडा. हवेत वाफ भरलेली, आभाळ गढूळ, पाऊस नाही. नाना दोन दिवसांनी धुळ्याला परतणार होते. शरदभाऊ कीबोर्ड न्यायला आले. बाहेर जीप चालू ठेवलेली, धरणगावला संध्याकाळची वरात होती. आत येऊन ते दाराशी थांबले. मी नानांच्या सांगण्यावरून उजवी बाजू बंद करून फक्त डावी लावली होती, आणि नाना उजव्या हाताने तिच्यावर प्रत्यक्ष वाजवत होते. स्वतःच्याच डाव्या हाताबरोबर.

चाल संपली. शरदभाऊंनी बाहेर जाऊन जीप बंद करायला सांगितलं. परत येऊन मला विचारलं की डावी बाजू हळू करता येते का. येते, म्हटलं. निम्म्या वेगाने लावली. ते नानांच्या डाव्या अंगाला एक स्टूल ओढून बसले, चपला काढल्या, आणि यंत्राबरोबर खालचे सूर वाजवून बघू लागले. लग्नात इतका सफाईदार वाजवणारा माणूस, पण ते मागून येणं त्यांना जमेना. दरवेळी ते आधी पोहोचायचे. नाना फक्त उजव्या हाताचं बोट हलकेच वर करायचे, थांब म्हणून. मी वेग थोडा वाढवला. मग आणखी थोडा, आणि नानांनी उजवा हात पुन्हा पट्ट्यांवर ठेवला. जीपवाला दोनदा डोकावून गेला.

मी पडद्यासमोर होते. कुठली बाजू बंद, कुठली चालू, वेग किती, गुणगुण येते का, एवढ्यावर माझं लक्ष. सहा आठवडे माझ्या हातांना सतत काही ना काही करायचं होतं, आणि त्या नादात पर्समधल्या पत्राचा विचार टळत होता. अक्का माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, “आते तुनं बंद कर.”

माझं काय बंद करायचं, ते मला आधी कळलं नाही. मग मी नानांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. शेजारी शरदभाऊ, मान खाली, ओठ घट्ट मिटलेले, आणि त्यांचा हात नानांच्या हाताच्या जरा मागून येत होता.

मी बटण दाबलं. पडद्यावरची हिरवी रेघ थांबली. प्रार्थना चालूच राहिली.